झाकलेलं पान

सून चित्रान्नाच्या पिवळ्या भातावर लिंबू पिळते आणि माझी भूक मरते. इतकी वर्षं झाली, तरी तो वास मला बेंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या शाळेत नेऊन सोडतो.

तळ्याचा बांध फुटून खालच्या झोपड्या वाहून गेल्या होत्या. कॉर्पोरेशननं माणसांना शाळेत आणलं आणि जेवणाचं आम्हा आसपासच्या बायकांवर सोपवलं. हंडाभर चित्रान्न घेऊन टांग्यानं पोचलो, तर वर्ग रिकामे. सकाळीच सगळ्यांना दुसरीकडे हलवलं होतं. कुठं, ते शिपायालाही ठाऊक नव्हतं. ओल्या गोणपाटांचा कुबट वास तेवढा मागे राहिला होता.

व्हरांड्यात एकच बाई बसून होती. तिचा नवरा हरवलेल्या मुलीला शोधायला गेला होता.

"मी इथून हलले तर त्यांना कुठं सापडू, अक्का?" ती कन्नडात म्हणाली. "ह्याच शाळेत या म्हणून सांगितलंय."

मी तिला पान वाढलं. तिनं ते दुसऱ्या पानानं झाकून ठेवलं.

"येऊ देत दोघं. मिळून जेवू."

तेव्हा मला हंडाभर अन्न वाया गेल्याचाच संताप आला होता. आता त्या हंड्याचं काहीच वाटत नाही. संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा तिच्यापुढचं ते पान तसंच झाकलेलं होतं.