जंतूंची खानावळ

माझी आत्या इस्पितळात स्वयंपाक करायची, पण रुग्णांसाठी नव्हे, जंतूंसाठी. तपासणीच्या प्रयोगशाळेमागं तिची एक चिंचोळी खोली होती. तिथं ती मांसाचा अर्क, थोडा स्टार्च आणि समुद्री शेवाळाची पूड पाण्यात कालवून मोठ्या कुकरात वाफवायची आणि ते गरम मिश्रण झाकणाच्या बशांमध्ये ओतायची. गार झालं की ते जेलीसारखं थिजायचं. रुग्णाच्या पुवातले जंतू त्यावर सारवायचे, वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. रात्रभर जंतू जेवायचे, वाढायचे. ज्या औषधाला भीत, त्याच्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ उरायचं. या खोलीला सगळे जंतूंची खानावळ म्हणत.

आतोबांच्या जिभेला हाड नव्हतं. "घरी भाजीत मीठ घालायला विसरते, आणि तिकडं मेल्यांना चिमूटभर काही कमी पडू देत नाही!"

"त्यांचं बिघडलं तर माणूस मरतं," आत्या म्हणायची. "तुमचं बिघडलं तर तुम्ही नुसते कुरकुरता."

एकदा मी हट्टानं ती खोली बघायला गेले. ओटा पाणसळ लावून सपाट केलेला, आणि आत्या बशी डोळ्यासमोर धरून थराची जाडी बघत होती. थर पातळ झाला की औषध जास्त झिरपतं आणि वर्तुळ उगाच मोठं दिसतं, असं तिनं सांगितलं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला तेव्हा ते नसते चोचले वाटले होते.

मग आतोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साधंच होतं, पण जखम चिघळली. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप हटेना. बडबड्या माणूस गप्प पडून राहिला. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हा इस्पितळातच मुरलेला जंतू आहे. नेहमीच्या सगळ्या औषधांना पुरून उरलाय. कपाटात आहेत नाहीत त्या सगळ्या टिकल्या लावून बघू."

त्या बशा आत्यालाच करायच्या होत्या. मी सोबत गेले. तिला अर्क मोजताना बघून मला राहवेना.

"आत्या, आज बेचव कर काहीतरी. उपाशी मरू देत मेले!"

ती इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "त्यांना नीट जेवू घातलं तरच ते खरं बोलतात. खोट्या वर्तुळावर भरवसा ठेवून डॉक्टरांनी औषध दिलं, तर आपलं माणूस जाईल. कळतंय?"

एका बशीत थर तिरका बसला. तिनं ती फेकून दिली आणि दुसरी ओतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी बशा उजेडात धरल्या, आणि मी तोंडात बोट घातलं. काठापासून काठापर्यंत दाट, चिकट साय. औषधांच्या टिकल्यांना ते जंतू खेटून वाढले होते, भिंतीला टेकून बसावं तसे खुशाल. ना डोळे, ना मेंदू, ना हात. माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी शोधलेली औषधं त्यांनी एका रात्रीत कस्पटासमान लेखली होती. बाई म्हणाल्या, "कोट्यवधींत एखादाच औषध सोसतो. बाकीचे मरतात, त्याची पिलावळ उरते. वर ती युक्ती हे शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतात." माझ्या अंगावर काटा आला. असं काही जगात आहे आणि ते जिथं चिकटलेलं असतं त्याच दाराच्या कड्या आपण रोज धरतो!

"काय बाई जिद्द," आत्या पुटपुटली. नवरा मरणाच्या दारात, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. मला तिचा राग आला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

शेवटच्या बशीत, काठाशी, एका टिकलीभोवती वर्तुळ होतं. जुनं, मूत्रपिंडांना जड म्हणून मागं पडलेलं औषध. बाईंनी पट्टी लावून ते मोजलं आणि आत्याकडं बघितलं.

"थर?"

"पुरता आहे."

"मग आजच सुरू करू."

आतोबा वाचले. निम्मे होऊन घरी आले, पण जीभ शाबूत होती. "खाल्ल्या घरचे वासे मोजतात तुझे पाहुणे," असं ते येईल त्याला ऐकवू लागले. रोज जेवताना विचारायचे, "आज काय जेवले पाहुणे?"

काही महिन्यांनी मी त्यांच्याकडं जेवायला होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. आत्या वाढता वाढता थांबली.

"सगळं खाल्लं. तुमचं वर्तुळसुद्धा."

त्याच इस्पितळात एक बाळंतीण होती, पोटाची जखम चिघळलेली. जंतू त्याच जातीचा. त्या जुन्या टिकलीभोवती आता रेघभरही जागा उरली नव्हती.

आतोबांनी हातातला घास ताटात ठेवला. "ती पोरगी?"

"आहे अजून. बाहेरून एक औषध मागवलंय, उद्या लावून बघणार."

भाजीत मीठ नव्हतं, ते मलाही कळलं होतं. कुरकुर न करता त्यांनी तोच घास पुन्हा उचलला.

"मग उद्या लवकर जा," ते म्हणाले. "आणि पोटभर वाढ त्यांना."