गुडाखूच्या डबीतला कोको

हसू आलं की मावशी आधी पदर तोंडावर घ्यायच्या आणि मगच हसायच्या. समोरचे तीनच दात उरले होते. बाकीचे गुडाखूने नेले, हे त्या स्वतःच सांगत. तंबाखूचं ते काळं मंजन त्या लहानपणापासून बोटाने घासत आलेल्या. तुमच्याही गावात अशा बाया असतील. दात दुखू नये म्हणून गुडाखू लावतात आणि दातच घालवून बसतात.

झरी जामणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी मुलींची अधीक्षिका होते आणि मावशी स्वयंपाकीण. "माह्ये गेले तं गेले, पोरीयचे नाही जाऊ द्याचे," हे पोळ्या लाटतानाही ऐकवायच्या. कोणाच्या गालात लिमलेटची गोळी दिसली की तिथल्या तिथे थुंकायला लावायच्या.

एकदा शिबिरात आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कोकोमधल्या काही घटकांमुळे दात किडवणारे जंतू दाताला नीट चिकटत नसावेत, असं संशोधक म्हणतात. पण चॉकलेटमधली साखर नेमकं उलटं करते, आणि ब्रशला पर्याय नाहीच. मुलींनी त्यातलं चॉकलेट तेवढं ऐकलं. मावशींनी कोको ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून माझा पिच्छा पुरवला.

मारेगावात बिनसाखरेचा कोको मिळेना. शेवटी यवतमाळला मीटिंगला गेले तेव्हा आणला. सकाळी मुलींचं ब्रश झालं की मावशी नळापाशी उभ्या राहून प्रत्येकीच्या बोटावर पाण्यात कालवलेला कोको ठेवायच्या. मुली तोंडं वाकडी करत तो दातांवर घासायच्या आणि चूळ भरायच्या. हा कोको मावशी कालवायच्या गुडाखूच्या जुन्या डबीत. गुडाखूची सवय त्यांनी मोडली होती, पण चांगली डबी कशाला फेकायची म्हणून घासूनपुसून ठेवली होती. मी रोज ती डबी पाहत होते, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही.

प्रकल्प कार्यालयातल्या साहेबांच्या मात्र आलं. एका सकाळी ते न कळवता तपासणीला आले आणि थेट नळापाशीच पोचले. ओळीने मुली, बोटांवर काळा लगदा आणि मावशींच्या हातात गुडाखूची डबी. पोरींना तंबाखू लावता, आजच तुम्हाला घरी पाठवतो, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

मला सगळं ठाऊक होतं. पण कोको कोणालाही न विचारता मीच आणला होता, आणि मी मुलींच्या मागेच उभी राहिले. आजही ते आठवलं की लाज वाटते. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, डबी गुडाखूची हाय, पण आतमंदी कोको हाय," त्या म्हणाल्या. कोणी आणला, असं साहेबांनी दरडावून विचारलं. मावशींनी नुसती डबी पुढे केली. नोकरी जायची वेळ आली तरी ही बाई माझं नाव घेणार नाही, हे मला कळून चुकलं. मी पुढे झाले, डबीत बोट घातलं आणि चाटून टाकलं.

"कोकोच आहे, साहेब. मी आणलाय."

साहेबांनी डबीचा वास घेतला, मग जरासा कोको जिभेवर ठेवला. त्यांचं तोंड कडूजार झालं. ती डबी बदला, एवढं बोलून ते कोठीघर बघायला निघून गेले.

पुढच्या शिबिरात किडके दात फारच थोडे निघाले. डॉक्टरीणबाईंनी श्रेय ब्रशला आणि बंद झालेल्या गोळ्यांना दिलं. कोकोचं खात्रीने सांगता येणार नाही म्हणाल्या. मावशी हिरमुसतील असं मला वाटलं.

"असन तं असन, थोडा त्याचाबी हात असन," म्हणत त्या वरण ढवळायला गेल्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन बोरी अरबला लेकीकडे गेल्या. निरोपाचा फोटो नळापाशीच काढला. मावशींना हसू फुटलं तसा हात पदराकडे गेला, पण दोन मुलींनी पदर आधीच घट्ट धरून ठेवला होता. तो फोटो माझ्या टेबलावर आहे. मागेपुढे दात दाखवून हसणाऱ्या मुली आणि मधोमध तीन दातांच्या मावशी, तोंडभर हसताना.