रागाकडे बघणारे रत्नपाल सर

रत्नपाल सर पहिल्यांदा आमच्या हळ्ळीखेडच्या विहारात बोलायला आले, तेव्हा त्यांच्या जिभेवर एवढी साखर होती की मला तिथंच संशय आला. सर मूळचे जनवाड्याचे. पुण्यात बौद्ध मानसशास्त्राचा कोर्स करून आले आणि हुमनाबादेत भाड्याच्या खोलीत समुपदेशन केंद्र थाटलं. टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी उदबत्ती. दुःखी माणूस समोर बसला की सर आधी स्वतःचेच डोळे मिटायचे. त्याचं तोंड बघायला नको.

सावित्रीबाई आमच्या गल्लीतली, शाळेत दुपारचं जेवण रांधायची. तिची जात बघून वरच्या गल्लीतल्या आईबापांनी पोरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली. बाईची झोप उडाली. तक्रार करते म्हणाली, तर विहारातल्या शहाण्यांनी तिला सरांकडे धाडलं. सोबत मी होतो.

"पोरं माझ्यासमोर डबे उघडायलेत, सर. डोकं फुटायलंय माझं."

"रागाकडे फक्त बघा," सर म्हणाले. "तो येतो, जातो. त्या पालकांसाठी रोज मैत्रीभावना करा. तक्रारीनं मन आणखी अशांत होईल."

बाई भोळी. शाळेच्या शेगडीपुढं बसून रोज त्या लोकांचं मंगल चिंतत राहिली. तक्रार राहूनच गेली. पोरं जेवत नाहीत म्हणून शाळेनं तिच्या जागी दुसरी बाई ठेवली, आणि सर मात्र भाषणांतून सावित्रीबाईला 'बरी झालेली' म्हणून मिरवू लागले. मला किळस आली. बुद्धानं दुःखाचं कारण शोधायला सांगितलं होतं. ह्या दीडशहाण्यानं कारण होतं तिथंच ठेवलं आणि बाईला गप्प बसवलं.

मग एकदा सरांची आई जनवाड्याहून आली. जिन्यात घरमालक भेटला, त्याला ती सवयीनं 'जय भीम' म्हणाली. तोवर तो टेबलावरची मूर्ती शोभेची समजत होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं खोली रिकामी करायला सांगितली.

रविवारी वंदना संपली आणि सर उभे राहिले. साखर पार विरघळलेली. मोर्चा काढू, आत्ताच निघू म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडत होते.

"रागाकडे फक्त बघा की, सर," मी म्हणालो. लोक हसले. कुणी उठेना.

तेवढी सावित्रीबाई उठली आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली. सर हात जोडत तिच्याकडे धावले.

"तुमच्यासाठी न्हाई उठले मी," ती म्हणाली. "माझा तवाचा राग हाय तसाच हाय. गेलाच न्हाई त्यो."