बानाबाईचा कळप

बानाबाईबद्दल कुणी काही विचारलं की रामकिसनराव गडबडून जातात. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ फार थोडं आहे. तिचं आडनाव त्यांना कधी कळलं नाही. गाव पिशोरच्या पलीकडं, डोंगराला लागून कुठंतरी, एवढंच ठाऊक. तेही ती त्या दिशेला काठी करून दाखवायची म्हणून. नवरा कधी गेला, लेकरं किती, यातलं त्यांनी कधी काही विचारलं नाही. आधी संकोच वाटला, मग विचारायचं राहूनच गेलं. दोघांची ओळख जालना रोडच्या रुंदीएवढी. या कडेला सुरू व्हायची, त्या कडेला संपायची.

रामकिसनरावांचा जन्म वैजापूरच्या मार्केट यार्डात कारकुनी करण्यात गेला. कापसाच्या गाड्या, कांद्याच्या गोण्या, आडत्यांची भांडणं. तिथं रस्ता ओलांडायचा म्हणजे समोरच्या गाडीवानाला हात दाखवायचा, एवढंच. निवृत्त झाल्यावर ते आणि द्वारकाबाई संभाजीनगरला शिवमकडं राहायला आले. मुकुंदवाडीच्या अलीकडं शिवमचा फ्लॅट. मुलगा गुणाचा.

"अण्णा, कुठं जायचं तर मला फोन करा, मी रिक्षा बुक करून देतो," असं तो मनापासून सांगायचा.

पण बुक केलेल्या रिक्षावाल्याचा फोन यायचा आणि तो विचारायचा, कुठं उभे आहात. ते सांगता सांगता रामकिसनरावांना घाम फुटायचा. शिवाय मेथीची जुडी आणायला जायचं, तर त्यासाठी मुलाला ऑफिसात फोन कसा करायचा? त्यापेक्षा सिटी बस बरी. खिडकीशी बसावं, औरंगपुऱ्यात उतरावं, भाजी घ्यावी, वाचनालयात पेपर चाळावा, परत यावं. कुणाला विचारायला नको, कुणाचे उपकार नकोत.

अडचण एकच. शहराकडं जाणाऱ्या बसचा थांबा रस्त्याच्या पलीकडं होता.

डिव्हायडरला तिथं एक खिंड होती. माणसं त्या खिंडीतून ये-जा करायची. पहिले काही दिवस रामकिसनराव कडेला उभे राहायचे, एक पाऊल पुढं टाकायचे, मोटारसायकल अंगावर आली की मागं घ्यायचे. समोरून बस यायची, त्यांच्या देखत निघून जायची. मग ते घरी परतायचे आणि द्वारकाबाईंना सांगायचे, "आज बसला गर्दी होती."

अशाच एका सकाळी पाठीमागून आवाज आला.

"एकटं काहून निघाले? थांबा की जरा."

वळून बघितलं तर डोक्यावर हिरव्या घासाचं मोठं ओझं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. खाली काळी, सुरकुतलेली, ताठ मानेची बाई. हातात काठी.

"चार जण होऊ द्या. एकट्याला कोण बी उडवतंय. घोळक्याला उडवायला जिवावर येतंय."

चार जण झाले. एक कापडाच्या दुकानात काम करणारी सुलेखा, दुकान उघडायच्या वेळेसाठी तगमगणारी. एक पुंजाराम, रंगारी, हातात डबे आणि ब्रश, पायानं किंचित अधू. बाईनं काठी आडवी धरली, "हाऽऽ हूंऽ" असा घशातून आवाज काढला आणि सगळे निघाले. गाड्या खरोखरच थबकल्या. एका रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "अम्मा, ये जुलूस किधर चला?"

"तुह्या लग्नाला! ये मागून!" बाई म्हणाली. थांबली मात्र नाही.

ती बानाबाई. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या मेंढरं वळणारे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन डोंगर उतरायचं, कन्नडचा मोठा रस्ता ओलांडून खालच्या रानात जायचं, हे तिनं लहानपणापासून केलेलं. आता मेंढरं उरली नव्हती. मुलगा अंगद शहरात वॉचमन होता, त्याच्याकडं ती राहायची. सकाळी टेम्पोनं घास यायचा, तो घेऊन ती पलीकडच्या महादेवाच्या देवळापुढं बसायची. देवळाला येणारे लोक पेंढी विकत घेऊन तिथल्या गाईंना घालायचे. रस्ता ओलांडायची तिची रीत मात्र मेंढरांचीच राहिली होती. सगळे गोळा होईस्तोवर हलायचं नाही. हललं की थांबायचं नाही. मागं कुणी राहता कामा नये.

काही दिवसांनी तिनं काठीचं टोक रामकिसनरावांच्या कोपराला लावलं.

"अण्णा, तुम्ही पुढं व्हा."

"मी?"

"व्हय. मेंढराच्या पुढं बकरी लागती. मेंढरू खाली मान घालून चालतंय. बकरी भेदरट, दोन्हीकडं बघती. तुमच्यासारखं दोन्हीकडं बघणारं दुसरं कुणी नाय हितं."

"म्हंजे अण्णा आपली बकरी!" पुंजाराम ओरडला, आणि सुलेखा एवढी हसली की तिची पर्स खांद्यावरून घसरली.

रामकिसनरावांचे कान लाल झाले. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी पुढं केलं नव्हतं. यार्डात फोटो काढायचा झाला तरी ते मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. पण त्या दिवशी ते पुढं झाले, दोन्हीकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चालू लागले. मागून सगळे आले. पलीकडं पोचल्यावर त्यांना एकदम खूप भूक लागली.

बानाबाईचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. माणसं मेंढरं नाहीत, हे तिच्या ध्यानातच राहायचं नाही. एकदा सुलेखा मध्यावर फोनवर बोलत रेंगाळली, तर हिनं तिच्या पोटरीवर काठी मारली.

"मावशी! मी काय मेंढी आहे का?"

"नाय बाई. मेंढी फोनवर बोलत नाय."

सुलेखा दोन दिवस रुसून एकटीच ओलांडत होती. तिसऱ्या दिवशी एक टेम्पो तिच्या ओढणीला घासून गेला. मग ती मुकाट्यानं येऊन घोळक्यात उभी राहिली. बानाबाईनं नुसतं सरकून तिला मधली जागा दिली.

ते दिवस रामकिसनरावांना आता फार आठवतात. घोळका जमेपर्यंतचा तो थोडा वेळ. पुंजाराम कुणाच्या बंगल्याला कसला भडक रंग दिला ते सांगायचा. सुलेखा गिऱ्हाइकांच्या नकला करायची. शंभर साड्या उलगडायला लावून रुमाल घेऊन जाणारी बाई तर ती हुबेहूब करायची. ओल्या घासाचा वास यायचा. घरी गेल्यावर द्वारकाबाई विचारायच्या, "काय, आज कळप मोठा होता का?" आणि रामकिसनराव, जे एरवी जेवताना तीन शब्द बोलत नसत, ते सगळं सांगत बसायचे.

मग एका सकाळी डिव्हायडरवर लोखंडी कठड्याचे तुकडे येऊन पडले. काम करणाऱ्या माणसानं सांगितलं, ही खिंड बंद होणार. ओलांडायचं तर पुढच्या चौकात जा, नाही तर मागं पादचारी पूल आहे, जिना चढून जा.

सगळ्यांनी बानाबाईच्या डोक्यावरच्या ओझ्याकडं बघितलं. ते घेऊन जिना चढणं तिला शक्य नव्हतं, आणि चौकापर्यंत जाऊन पुन्हा तेवढंच मागं यायचं म्हणजे गुडघे तिथंच राहिले असते.

"बसला मग माहा धंदा," ती म्हणाली. "अंगद तं वाटच बघू लागला. म्हनतो, आये, घरी बस. घरी बसून काय करू? भिताडं चाटू?"

रामकिसनरावांना तिची काळजी होती, आणि स्वतःचीही. खिंड बंद म्हणजे बस बंद. पुन्हा शिवमला फोन, पुन्हा 'कुठं उभे आहात'. मेथीच्या जुडीसाठी मुलापुढं तोंड वेंगाडणं. गाडीवाल्यांना कठडा आडवा येत नव्हता. तो आडवा येत होता तो फक्त पायी चालणाऱ्यांना. हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण हे कुणाला सांगायचं असतं, आणि कसं, ते ठाऊक नव्हतं.

पुंजारामनं ती खटपट केली. रस्त्याचं काम बघणाऱ्या हपीसातल्या कुणाच्या तरी घरच्या भिंती रंगवल्या होत्या, त्या ओळखीवर तो जाऊन आला. साहेब स्वतः जागा बघायला येणार असं कळलं. "अण्णा, बोलायचं तुम्ही," त्यानं जाहीर करून टाकलं. "तुम्ही कारकून व्हते."

"अरे, मी आवक-जावक बघायचो. बोलायचो कुठं?"

साहेब आले ते पलीकडच्या कडेला जीप लावून, कसेबसे धावत रस्ता ओलांडून. तरुण होते, दमले होते, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "हे बघा, बंद करतोय ते तुमच्याच जिवासाठी. लोक इथून पळत सुटतात आणि गाडीखाली येतात. आत्ता मीसुद्धा पळालोच ना?"

बानाबाईनं सवयीनं काठीचं टोक रामकिसनरावांच्या कोपराला लावलं.

ते पुढं झाले.

"साहेब, ही बाई असते तेव्हा आम्ही पळत नाही. जमतो, मग जातो. गाड्या थांबतात." त्यांनी घसा खाकरला. "पण ती कधी बाजाराला जाते, कधी आजारी असते. त्या दिवशी आम्ही पळतो. आम्हाला कठडा नको साहेब. ती नसेल तेव्हा गाड्या थांबवणारं काही तरी लावून द्या."

साहेबांनी लगेच काही कबूल केलं नाही. "बघतो," म्हणाले. मग त्यांना जीपकडं परत जायचं होतं. ते कडेला येऊन उभे राहिले, एक पाऊल पुढं, एक मागं.

"साहेब, मधी व्हा," बानाबाई म्हणाली, आणि साहेब निमूट मध्ये झाले.

कठडा लागला नाही. मधल्या काळात किती हेलपाटे झाले, सह्या किती झाल्या, ते पुंजाराम जाणे. पावसाळा सरल्यावर रस्त्यावर पांढरे पट्टे आले, खिंडीत उतार झाला, आणि दोन्ही कडेला खांब उभे राहून पायी चालणाऱ्यांसाठी लाल-हिरवा दिवा लागला. पहिल्या दिवशी पुंजारामनं पेढे आणले. सुलेखानं सगळ्यांचा फोटो काढला. रामकिसनराव त्यात पुढच्या रांगेत आहेत.

बानाबाई मान वर करून दिव्यातल्या हिरव्या माणसाकडं बघत राहिली.

"एकटाच चालला की वं हा," ती म्हणाली. सगळे हसले.

पण झालं तसंच. दिवा हिरवा झाला की जो आला तो निघाला. थांबायचं कुणासाठी? सुलेखा कानात वायर घालून यायची, हात हलवायची आणि जायची. पुंजारामला शेंद्र्याकडचं काम मिळालं, त्याची वेळच बदलली. घोळका काही कुणी मोडला नाही. त्याची गरज संपली, एवढंच. जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि चांगलं झालं होतं. लेकुरवाळ्या बाया, काठी टेकणारे म्हातारे निवांत ओलांडू लागले होते. हे सगळं कळत असूनही रामकिसनरावांना त्या भीतीच्या दिवसांची आठवण यायची आणि स्वतःचीच लाज वाटायची. अपघाताच्या जागेवर माणसाचा जीव रमावा, हे काही बरं लक्षण नव्हे.

ते बानाबाई येईपर्यंत थांबायचे. दिवा हिरवा व्हायचा, लाल व्हायचा, ते उभेच. ती लांबून ओझं सावरत यायची आणि ओरडायची, "अण्णा, दिवा गेला की! काहून उभे?" ते म्हणायचे, "लक्ष नव्हतं." मग पुढच्या दिव्याला दोघं बरोबर ओलांडायची. ती आता हळू चालायची. मध्यावर येईस्तोवर दिवा बदलायची वेळ व्हायची. तेव्हा ती जुन्या सवयीनं काठी आडवी धरायची आणि रामकिसनराव दोन्हीकडं बघायचे.

माघात ती गावाकडं गेली, पुतण्याच्या लग्नाला. लग्न झालं आणि चार दिवसांनी झोपेतच गेली. अंगदनं देवळापुढच्या फुलवाल्याला सांगितलं, फुलवाल्यानं रामकिसनरावांना. त्यांनी घरी येऊन द्वारकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला एकदा घरी जेवायला बोलवायचं होतं हो." रामकिसनरावांच्या मनात ते कितीदा तरी आलं होतं.

बानाबाई गावाकडं जाण्याच्या आदल्या दिवशी दोघांनी रस्ता ओलांडला तो रोजच्यासारखाच. देवळापुढं तिनं ओझं उतरवलं, पेंढ्या मोकळ्या केल्या, पाणी शिंपडलं. रामकिसनराव तिथंच घुटमळत उभे राहिले.

"अण्णा, बस आली तुमची."

"दुसरी येईल."

"दुसरी काहून? हिच्यात जागा हाय बसायला. जा की."

"बरं. येतो मग."

"या."