लेवीचं पाणी

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल. आमच्यात पुरोहितांच्या वंशातले कोहेन नाहीत, त्यांच्या हाताखालचे लेवीही नाहीत. जर्मनीत येईपर्यंत यात काही उणं आहे असं मला वाटलं नव्हतं.

मी एर्लांगेनला नोकरीला जातो, राहतो दोन स्टेशनं अलीकडे. आमच्या सिनागॉगमध्ये कोहेन तीन आणि लेवी एकच. तो आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतो. सणाला कोहेन आशीर्वाद द्यायला उभे राहण्याआधी त्यांच्या हातांवर लेवीने पाणी घालायचं असतं. प्राचीन काळच्या मंदिरातल्या सेवेपैकी लेवींकडे जवळजवळ एवढंच उरलंय. पहिल्याच वर्षी त्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "कोहेन नाही, लेवी नाही. मग तुम्ही यहुदी कशावरून?"

चौदा माणसं हसली. मी मोजली.

मग मी वाचायला बसलो. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची मोजदाद शास्त्रात आहे. कोहेन चार हजार दोनशे एकोणनव्वद, लेवी चौऱ्याहत्तर. गायक आणि द्वारपाल वेगळे मोजलेत. म्हणजे लेवींची टंचाई तेव्हापासूनची. पुढे सापडलं, की लेवी हजर नसेल तर पाणी आईच्या पहिल्या मुलाने घालायचं. मी आईचा पहिला मुलगा. सहा वर्षं थांबलो.

गेल्या मंडपांच्या सणाला प्रार्थना अर्धा तास अलीकडे घेतली. इमारतीत निरोप देणं माझ्याकडे होतं. लेवीचे गुडघे धरतात, म्हणून तो घड्याळ बघून ऐन हात धुण्याच्या वेळी येतो. आदल्या दुपारी मी चिठ्ठी त्याच्या पत्रपेटीत टाकली, बेल वाजवली नाही. पेटी तो फक्त सकाळी उघडतो आणि सणाला उघडतच नाही, हे मला ठाऊक होतं.

लेवी दिसेना, तेव्हा मी उठलो. दोन कानांचा तांब्या घेतला. तिसऱ्या कोहेनच्या उजव्या हातावर पाणी घालत होतो, तेवढ्यात तो धापा टाकत दारात आला; इमारतीतले बाकीचे लवकर गेलेले पाहून निघाला असावा.

"तांब्या इकडे द्या. ते माझं काम आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण तुम्ही हजर नव्हता."

"मला कोणी कळवलं नाही."

"कळवलं. पेटीत बघा."

त्याला समजलं. त्याने हात पुढे केला, आवाज उतरला. "अहो, इथे मला एवढंच काम आहे."

मी कोहेनच्या डाव्या हाताकडे वळलो आणि तांब्या पूर्ण रिकामा केला.