अकरा महिने न वापरलेली रजा

स्वेच्छानिवृत्ती मंजूर व्हायच्या आधीच मी ऑफिसात पेढे वाटले. रजा-पेन्शनचं काम बघणाऱ्या बाईंनी दोन खाल्ले आणि मग माझं सेवापुस्तक उघडलं.

"सर, स्वेच्छानिवृत्तीला लागणारी वीस वर्षं भरत नाहीत. अकरा महिने कमी पडतायत."

घरी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं बायको करते आणि आता तिचीच कंबर गेली आहे. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय. मी नाशिकहून कळवणला रोज जाऊन-येऊन नोकरी करतो. ती सोडून आईचं आपण करायचं, असं मी ठरवलं होतं. नातेवाइकांना सांगूनही झालं होतं. शाबासकी मिळाली होती.

आडवी आली ती माझी विद्वत्ता. तरुणपणी एम.ए. करायला पुण्याला जायचं म्हणून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली होती. ती सेवेत धरत नाहीत. तेराव्या महिन्यानंतर अर्थशास्त्रापुढे हात टेकले आणि 'आईला करमत नाही' असं सांगून मी तेव्हाच्या माझ्या सुरगाण्याच्या ऑफिसात पुन्हा हजर झालो. उरलेल्या अकरा महिन्यांची रजा रद्द केल्याची नोंद मात्र सेवापुस्तकात कुणी घेतली नाही, आणि मी इतकी वर्षं ते उघडून पाहिलं नाही.

पुरावा शोधायला सुरगाण्याला गेलो. त्या काळातले हजेरीपट वाळवीने खाल्लेले.

"लय शोधलं साहेब, एवढंच हाय," म्हणत तिथल्या शिपायाने एक कागद पुढे केला. पावणेबाराला कामावर आल्याबद्दल मला दिलेली नोटीस.

ती मी बाईंपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"यावरून एक दिवस धरता येईल, सर. तोही अर्धाच म्हणतील."

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको एक हात स्वतःच्या कमरेवर ठेवून आईची कूस बदलत होती. पडलेल्या चेहऱ्याने मी सांगितलं, की अजून अकरा महिने नोकरी करावीच लागणार. जिना चढताना मला जरा हायसं वाटलं होतं, ते सांगितलं नाही. पण इतक्या वर्षांनी तिला माझा चेहरा वाचता येतो.

तिने चादर नीट केली.

"तुमची गाडी सातची ना? मग पाचला उठत जा. आईंचं अंग पुसा, कूस बदला. एवढं नोकरीत राहूनही करता येतं."