बिनगळाचा मासा

दादाला जाऊन आता दीड महिना होईल. त्या दुपारी मी चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होते आणि कारखान्यातले दोघे जण टोप्या हातात धरून दारात येऊन उभे राहिले. "बाई, यशवंतरावांच्या छातीत कळ आली..." एवढंच एक जण बोलला. पुढचं मला त्यांच्या टोप्यांवरून कळलं. कानस शेवटपर्यंत हातातच होती म्हणे.

ठाण्याच्या कारखान्यात माझा हा थोरला भाऊ फिटर होता. तिथल्या साहेबांना मासेमारीचा भारी नाद. रविवारी मुंबईहून बोट घेऊन ते खोल समुद्रात सुरमईच्या मागे जायचे. सुरमई म्हणे चकाकत खाली पडणाऱ्या वस्तूवर झेपावते, म्हणून त्यांना धातूचे खोटे मासे लागत. विलायती मासे संपले तेव्हा त्यांनी दादाला एक नमुना दाखवला, आणि दादाला जे वेड लागलं ते लागलंच. डोंबिवलीच्या आमच्या घरामागच्या पडवीत तो शेगडीवर शिसं वितळवायचा, विटेत कोरलेल्या साच्यात ओतायचा, पोट कानशीने घासायचा, वर कल्हई चढवायचा. दोन्ही टोकांना पितळी कड्या. पुढच्या कडीला फिरकी, दोरीला पीळ पडू नये म्हणून. मागच्या कडीला गळ, पोलादी तारेचे सात फेर देऊन. सहा नाही, आठ नाही, सात!

गळ मात्र सर्वांत शेवटी. त्याआधी मासा पाण्यात नीट पडतो का ते बघायला हवं, आणि आमच्याकडे पाणी होतं ते विहिरीतलं. दादा काठावर उभा राहून दोरीला हिसका द्यायचा, मासा वर यायचा, मग सैल सोडायचा. "मालू, वाक जरा. पडताना कूस बदलतोय का बघ." मी वाकून बघायची. शेजारच्या वैनी कळशी घेऊन ताटकळलेल्या असायच्या. "भावजी, सुरमई लागली की हाक मारा हो, मी मसाला वाटायला घेते!" दादा हसायचा. मला मात्र खाली त्या चार हातांच्या काळ्या पाण्यात, एकदा या भिंतीला एकदा त्या भिंतीला आपटणारा मासा बघून गुदमरायला व्हायचं.

कारण दादा स्वतः कधी समुद्रावर गेला नाही. आमचे बाबा कल्याणच्या खाडीत होडी उलटून गेले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. तेराव्याला आईने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "पाण्यावर पाय ठेवायचा नाहीस. माझी शपथ आहे तुला." चाळिशी उलटली तरी तो त्या शपथेत बांधलेला. साहेब बोटीवर बोलवायचे, हा काहीतरी सबब सांगायचा. तरी आईचा विश्वास नाही. तो दारात आला की ती त्याच्या दंडावरून हात फिरवायची आणि बोट जिभेला लावून बघायची. "खारट लागतंय रे."

"घाम आहे गं आई, समुद्र नाही."

आणि साहेबांनी धाडलेली सुरमई तीच मिटक्या मारत खायची. मला तिचा राग यायचा. खरं सांगते, अजून येतो.

स्वतःसाठी दादाने एकच मासा केला, वीतभर लांब, सगळ्यांत देखणा. त्याला गळ लावला नाही. "जाईन त्या दिवशी बांधीन," म्हणाला आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला.

आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात, दादा कामावर असताना, मला जवळ बोलावून म्हणाली, "त्याला सांग, शपथ सुटली म्हणावं. जाऊ दे एकदा." संध्याकाळी तो यायच्या आत तिची वाचा गेली. मी सांगितलं नाही. बाबांना खाडीतून काढून अंगणात ठेवलं होतं ते मी पाहिलं होतं, आणि आता घरात आम्ही दोघंच उरणार होतो. पुढे कधीतरी वैनी विहिरीवर त्याला म्हणाल्या, "आता कोण अडवतंय भावजी?" दादा दोरी गुंडाळत राहिला. "ती गेली म्हणून शपथ जाते होय वैनी? सुटली म्हणायला तीच हवी होती." मी तिथेच उभी होते. शब्द अगदी ओठांवर होते... आणि मी चहा टाकायला आत गेले. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

परवा तो डबा उघडला. माशाला गळ बांधलेला होता. मी फेर मोजले, सात. म्हणजे शपथ मोडून जायचं त्याने ठरवलं होतं, आणि मी एक वाक्य बोलले असते तर त्याला ती मोडावी लागली नसती. मग एक वेडी आशा वाटली. जाऊनही आला असेल एखाद्या रविवारी, माझ्या धाकाने बोलला नसेल... मासा पदराने पुसणार होते, पण हात आवरला आणि आईसारखा जिभेला लावून पाहिला.

अळणी होता.